माळाची पिशवी, क्रशरची पिशवी

मिरज,
२१ मार्च २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आईच्या गुडघ्याचं औषध कुरिअरनं पाठवलंय, जेवणानंतर एक. इथं ऊन वाढलंय, बाकी ठीक.

माझ्या अहवालावरून ग्रामपंचायतीनं ठराव केल्याचं आप्पासोंनी कळवलं. बेदाण्याच्या शेडवर बसणारी धूळ तुमच्या खडी क्रशरची नाही, आकाराममामांची मेंढरं बसतात त्या माळाची आहे. म्हणून मामांनी सोमवारपर्यंत माळ सोडायचा. निरोपाखाली चार हसरे चेहरे. क्रशरमधला तुझा भागीदार इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

परवा हरणामामींचा फोन आला. "पोरी, आमची मेंढरं काय दगूड खात्यात व्हय? तीस वर्सं तितं बसत्यात. येक लेंडी घावली न्हाई का तुला त्या मातीत?"

मी म्हणाले, मामी, यंत्र लेंड्या मोजत नाही.

"मग डोळ्यानं बघ की गं. का शिकल्यावर डोळं लागत न्हाईत?"

फोन ठेवून मी उरलेली माती काढली. प्रयोगशाळेत आम्ही निम्मी न चाळता जपून ठेवतो. 'माळ' लिहिलेल्या पिशवीत राखाडी भुकटी निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली कण नुकत्याच फुटलेल्या दगडाचे, धारदार. 'क्रशर' लिहिलेल्या पिशवीत तीन लेंड्या आणि काळ्या लोकरीचा पुंजका.

दोन्ही नमुने मी स्वतः घेतले होते. वरची दोन सेंटिमीटर माती, दहा-दहा जागांची. चाळायचं काम प्रयोगशाळेतल्या समीक्षाकडे होतं. तिनं टॅग बघून नंबर दिले, मी आकडे वाचले; शेडवरच्या धुळीशी 'माळ' जुळला. आकडे बरोबर होते.

टॅग पिशवीला बाहेरून दोरीनं बांधतात आणि तसलीच एक चिठ्ठी आत मातीत टाकतात. बाहेरचा टॅग सुटला किंवा बदलला, तरी आतली राहते. चार वर्षांत मी ती कधी चुकवली नाही. त्या दिवशी टाकली नाही. जीप तुझी होती. पिशव्या तिच्यातच ठेवून आपण घरी जेवायला गेलो.

आई पिठलं वाढत होती. "पाण्याची बाटली गाडीत राहिली" म्हणून तू ताटावरून उठलास. घरात पाणी होतं, दादा. तुझ्यासाठी आई हात आवरून बसली, तेव्हा मीच तिला म्हणाले, येईल गं, तू जेव. परत आल्यावर तू मला विचारलंस, "लय दमलीस का?" बाकी सगळं मला समजतं. हे विचारायची काय गरज होती, ते समजत नाही.

आज तहसील कार्यालयात जाऊन अहवाल मागे घेतला. आत चिठ्ठी टाकली नाही ही चूक माझी, असं लिहून दिलं. ठराव थांबेल. नवे नमुने सांगलीहून दुसरं कुणी येऊन घेईल. प्रयोगशाळा मला ठेवते का, ते पुढच्या आठवड्यात कळेल. आईला काही सांगू नकोस. मी येऊन सांगेन.

तहसीलमधल्या बाईंनी विचारलं, "मधल्या वेळात पिशव्या कुणाच्या ताब्यात होत्या?" मी तुझं नाव सांगितलं, जयराज लालासाहेब, आडनावासकट.

"हे तुमचे कोण?"

सख्खा भाऊ.

त्यांनी पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. "लिहू?"

लिहा, म्हणाले.

सृष्टी