लाल शाईतली दुरुस्ती

शिरोडा,
८ जानेवारी २०२५

ती. भाईस,
शि. सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी गोळा होतात, म्हणून लिहिते.

सदुसष्टाव्या वर्षी तुझ्या बहिणीवर चोरीचा आळ आला आहे. चोरी कुणाची, तर माझीच. एका परदेशी नियतकालिकात कुणा तरुण विदुषीने ॲलर्जीच्या संशोधनाचा इतिहास लिहिला आहे. ती म्हणते, १९८४ साली तुळसा केळुसकर या मुलीने कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे रक्त तपासून दाखवले, की कोळंबी उकळली तरी तिच्यातले एक प्रथिन शाबूत राहते आणि त्यावरच त्यांचे शरीर चवताळते. त्या निबंधाचा दाखला आजवर नऊशे वेळा दिला गेला. पुढे बिचारी कुठे नाहीशी झाली कोण जाणे! आणि १९९१ मध्ये शर्मिला सामंत नावाच्या बाईने तीच रीत उचलली, तुळसाचे नावसुद्धा न घेता. एकाच परिच्छेदात माझ्यासाठी अश्रू आणि मलाच शिव्या.

नाव घेतले नाही, हे खरे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आत्मस्तुतीबद्दल हातावर पट्ट्या मारल्या होत्या. स्वतःचाच दाखला देणे मला असभ्य वाटले. शिवाय लग्नात सासूबाईंनी विनीतरावांकडून तांदळात 'शर्मिला' लिहवून घेतले, तेव्हाच तुळसा संपली असे मी धरून चालले.

संपादक महिनाअखेरीस पुरावा मागतात. नातेवाइकांची साक्ष चालत नाही. नाव बदलल्याचे सगळे कागद मुंबईच्या पुरात लगदा झाले. दिवसातून चार वेळा कपाटे उपसते, पुन्हा भरते. माझ्या विद्यार्थ्यांचे फोन यायचे थांबले आहेत. ते जास्त लागते. चाळीस वर्षे काम केले ते चोर म्हणून मरायला? तुझ्याकडे एखादा चिठोरा असेल तर बघ.

माझ्या तोंडाकडे न पाहता लोभ ठेव.
तुझी,
शर्मिला

देवबाग,
१५ जानेवारी

चि. तुळसास अनेक आशीर्वाद.

गो बाय, चोर तू आससच, पण माझ्या काजूबियांची! रक्ताबिक्ताची नाय.

माळ्यावर चढलो. सूनबाई सलोनी खाली शिडी धरून मला या वयात काय काय होऊ शकते याची यादी म्हणत होती. मी तुला लिहिलेले १९८८ चे एक आंतर्देशीय पत्र सापडले. बाहेर पत्ता 'डॉ. सौ. शर्मिला विनीत सामंत', कारण पोस्टमनला तेच ठाऊक. आत 'चि. तुळसा', कारण मला तेच ठाऊक. तू त्याआधी चार वर्षे रक्त घेतलेल्या एकवीस बायकांची नावे आणि वये मी लिहिली होती. काशीबाई सोडून सगळ्या पुन्हा द्यायला तयार, तिला सुईची भीती.

तू काय केलेस आठवते? लाल शाईने तुळसा खोडून वर शर्मिला लिहिलेस, माझ्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्यास, 'पुन्हा या नावाने लिहू नये' असे बजावून खाली तारीख, सही ठोकलीस आणि पत्र परत पाठवलेस. मी त्यानंतर वर्षभर लिहिले नव्हते, हे तुझ्या लक्षातही आले नसेल. सोबत तेच पाठवतो आहे.

आजही तुळसाच लिहिले आहे. लाल पेन असेल तर काढ.
ममता आहेच, ती सांगून वाढत नाही.
भाई

शिरोडा,
२४ फेब्रुवारी

ती. भाईस,
शि. सा. न.

पोस्टाचा शिक्का, दोन्ही नावे, माझी सही, सगळे एकाच कागदावर. मधली चार वर्षे वजा केल्यावर बायकांची वये माझ्या १९८४ च्या तक्त्याशी जुळली. दुरुस्ती छापून आली: दोघी एकच. त्या विदुषीने क्षमा मागितली. मी कळवले, रडण्याआधी बाई जिवंत आहे का एवढे पाहत जा. तीन विद्यार्थ्यांचे फोन आले.

तरी चैन नाही. खुर्चीवरून उठते, पुन्हा बसते, पुन्हा तो कागद उघडते. ती परकी पोर तुळसाला शोधत होती. तू जन्मभर तिलाच लिहीत आलास. तिला खोडले ते मी एकटीने. आणि ते वर्ष, भाई, माझ्या खरोखरच लक्षात आले नव्हते.

पत्र परत पाठवते आहे. लाल शाई निघत नाही, प्रयत्न करून पाहिला. म्हणून खोडलेल्या नावाशेजारी निळ्या शाईने तेच पुन्हा लिहिले आहे. चुका मात्र सात नव्हे, आठ निघाल्या.

रविवारी जेवायला येते. सलोनीला बांगड्याचे तिखले करायला सांग, आणि होता तसाच लोभ असू दे.
तुझी,
तुळसा