मंगळवार-शुक्रवारचं पंक्चर

४ नोव्हें., मंगळवार
परत पंक्चर! मागचंच चाक. सकाळी सायकल ओट्यावरनं खाली घ्यायला गेलो तर टायर भुईला चिकटलेला. काल संध्याकाळी दूध घेऊन आलो तेव्हा टणक होता, अंगठ्यानं दाबून बघितला होता. डॉ. म्हणतात रोज अर्धा तास सायकल, न चुकता, स्टेंटवाल्या माणसाला यापेक्षा चांगलं औषध न्हाय. आणि ही सायकल मला घरी बसवायलीय.
सुमनला हाक मारली, "अगं बघ, पुन्हा गेलं!" ती स्वयंपाकघरातनंच, "ऱ्हाऊ द्या की आजच्या दिस. चहा घ्या."
आमच्या हिला कशाचंच काही वाटत न्हाय.

७ नोव्हें., शुक्र.
पुन्हा! आता मात्र डोकं सटकलं. मागचे सगळे वार आठवून बघितले. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. बाकी दिवस काही न्हाय. चाकाला पंचांग कळतंय का?
दुपारी उलगडा झाला. आमच्या गल्लीच्या तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथं, लोक उतारा टाकतात. देवीच्या वाराच्या आदल्या सांजेला जास्तच. लिंबू, त्यात टोचलेल्या टाचण्या. मी दुधाला जातो त्याच वाटेनं. टाचणी घुसते, रात्रभर हवा गळते, सकाळी चाक बसलेलं. साधा कार्यकारणभाव. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं ते काय उगंच?
तिकटीवर गेलो, दोन लिंबं हातानं उचलली अन् कचऱ्याच्या डब्यात टाकली. समोरची गंगाबाई आराधीण परडी घेऊन जोगव्याला निघाली होती. जागीच थांबली. "सर, हात लावू नगा! बाधंल."
"मला काय बाधतंय? माझ्या टायरला बाधायलंय," म्हणलं. चारचौघांत मोठ्यानं म्हणलं, कळू दे सगळ्यांना.
सुमन दारातच होती. पाठ फिरवून आत गेली.

९ नोव्हें., रवि.
अन्वरभाईच्या दुकानात. ठरवूनच गेलो होतो, आज असा टायर घ्यायचा की बाभळीच्या काट्याची, सराट्याची, टाचणीची, कुणाच्या बापाची भीती नको.
आधी भरीव टायर दाखवला. आत ट्यूबच न्हाय, हवाच न्हाय, नुसतं रबर. "पंक्चरचा विषयच खतम, सर." त्याच्या दुकानापुढं एक फेरी मारली. बापरे! दात, चष्मा, स्टेंट, सगळं एकदम वाजायला लागलं. धाराशिवच्या गल्ल्यांतले खड्डे अन् हा टायर, म्हणजे सरळ सोलापूरच्या दवाखान्यातच परत. नको म्हणलं.
मग रुंद टायर काढला. रस्त्याला टेकतो तिथं आतनं जाड थर. अन्वरभाईनं बाभळीचा काटा घेऊन माझ्यादेखत त्यावर दाबला. काटा मोडला. "देखो सर. हवा तेवढी दर आठवड्याला बघा, कमी हवेवर चालवू नका. बगलेला, म्हणजे कडेच्या बाजूला, थर नसतो, ते सांगून ठेवतो. पण बगलेत काटा कशाला शिरंल?"
बरोबर. कशाला शिरंल!
घरी आल्यावर सुमनला दाखवला. तिनं बोटं फिरवून बघितलं, वर, मग दोन्ही बाजूंनी. "लई जाड हाय व्हय?"
तिला आवडला म्हणून मी खूश.

११ नोव्हें., मंगळ.
विश्वास बसत न्हाय. नवा टायर! परवा घेतला! सकाळी भुईसपाट!
चालवत न्हाय, ढकलत नेली. दुकानात जाऊन अन्वरभाईला वाट्टेल ते बोललो. फसवा, लबाड, सगळं. गिऱ्हाईकं बघायली होती. त्यानं ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे आले तिथं बोट ठेवलं. भोक बाजूला. टायरच्या बगलेलाही तसंच.
"सर, ये काटा नइ है."
"मग काय आहे?"
ठिगळ लावलं, पैसे घेतले न्हाईत. एवढंच म्हणला, "सायकल घरात ठेवत जावा."
म्हणजे कुणीतरी मुद्दाम! लिंबं फेकली त्याचा डूख धरलाय गल्लीतल्या कुणीतरी. या वयात ह्या लोकांशी आता भांडायचं का?
सायकल आजपासून पुढच्या खोलीत. सुमन म्हणली, "देव्हाऱ्यापुढं चाक कशाला?" म्हणलं, तुझ्या देवीलाच राखण करू दे.

१४ नोव्हें., शुक्र.
टणक! शुक्रवार असून टणक! म्हणजे गल्लीतलंच कुणीतरी होतं, सिद्ध झालं.
बसस्टँडपर्यंत गेलो, तिथनं वळसा घालून बाजारातनं आलो. टायर कसा पळतो! खड्ड्यात दबतो अन् वर येतो, अंगाला कळत न्हाय. आजारपणानंतर पहिल्यांदा वाटलं, मी अजून मीच आहे.
परत आलो तर सुमन बाजेवर पडलेली. डोकं दुखतंय म्हणाली. शुगरची गोळी मी निघतानाच वाटीत काढून ठेवतो, घ्यायला लावतो, त्यात हयगय न्हाय.
"घेतली ना?" "घेतली." "खाल्लं का?" "व्हय."

१६ नोव्हें., रवि.
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.
दुपारी सुमन बाजारात गेली होती. सहज म्हणून मागचा टायर काढून पुसायला घेतला. बगलेत काहीतरी चमकलं. पोलादाचं टोक. अर्धं घुसून मोडलेलं, ट्यूबपर्यंत पोचलंच न्हाय. पकडीनं ओढून काढलं. जाड, तिरकस टोक. टाचणी न्हाय, खिळा न्हाय. कुठंतरी बघितलेलं.
स्वयंपाकघरात गेलो. दाराआडच्या खिळ्याला दाभण असतो, ज्वारीची पोती शिवायचा. खाली घेतला.
त्याला टोक न्हाय.
तिथंच खाली बसलो. माझ्याच घरात! एवढी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिनं! मी गल्लीला शिव्या दिल्या, अन्वरभाईला चोर म्हणलो, अन् ही मला चहा देत होती!
ती पिशवी घेऊन आली. दाभण माझ्या मांडीवर. बघितलं. खोटं बोलली न्हाय, एवढं खरं.
"का गं?"
"तुम्ही बसस्टँडवर पडला तवा कोण वार होता, ध्यानात हाय का?"
मी दाभण फरशीवर ठेवला.
"मंगळवार. आन् सोलापूरला तुम्हाला आत नेलं, दार लावलं, मला भाईर बसवलं, तवा शुक्रवार. गंगाबाईच्या अंगात आलं तवा मी इचारलं. म्हणली, वरीसभर देवीच्या दोन वारी मालकाला चाकावर बसू देऊ नगंस."
"मला सांगायचं मग!"
"सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. आन् मुद्दाम गेला असता."

१८ नोव्हें., मंगळ.
मुद्दाम गेलो.
दाभण कपाटात कुलूपबंद करून गेलो. ती दारात उभी. "जावा," एवढंच. अर्ध्या तासाच्या जागी तास घातला. आलो, घंटी वाजवली, म्हणलं, "बघ. जिवंत हाय."
ती चूळ भरायला गेली. मला वाटलं रुसलीय. असू दे. एकदा डोक्यातनं निघायलाच पाहिजे हे.

२१ नोव्हें., शुक्र. (दवाखान्यात)
आज अन्वरभाईची माफी मागायची म्हणून त्याच्याकडं थांबलो. चहा झाला, गप्पा झाल्या, दुसरा चहा झाला. ऊन चांगलं वर आलं.
घरी आलो. घंटी वाजवली. कुणी येईना. स्वयंपाकघरात फरशीवर सुमन. घामानं चिंब, डोळे अर्धे उघडे, मला ओळखेना. मी नुसता ओरडत बसलो. सुमन, सुमन. काय करायचं ते सुचंना. वर्गात इन्सुलिन शिकवणारा मी!
जोगव्याला दारात आलेली गंगाबाई परडी टाकून आत धावली. डब्यातनं साखर घेतली, बोटानं तिच्या गालात घातली, चोळली. "रिक्षा बोलवा, सर! बघता काय!"
डॉ. म्हणले, शुगर पार खाली गेलेली. गोळी घेऊन उपाशी होत्या का?
म्हणलं, न्हाय, ती तर खाती.
गंगाबाई माझ्याकडं बघायला लागली. "सर, तुमी चाकावरनं उतरंपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत न्हाय. मंगळवार-शुक्रवार. टायरला दाभण जाईना तवापासनं."
मी तिच्या अंगावर गेलो. तूच भरवलंस हे!
"म्या चाकावर बसू नगा म्हणलं. उपाशी ऱ्हा म्हणलं न्हाय. ते तिनं आपल्या मनानं धरलं."
गोळी मी दिली. वाटीत काढून, समोर उभं राहून. मी दुसरा चहा घेत होतो.

२३ नोव्हें., रवि.
घरी आणली. हाताला सलाईनचा काळा डाग.
सांगितलं, सायकल विकतो. विषय संपला.
"विकायची न्हाय. डाक्टरनं सांगितलेली हाय."
"मग ते दोन वार सोडतो. तुझ्यासाठी. देवीबिवी मी मानत न्हाय."
"तसं नगं. मनातनं नसंल तर कशाला?" मग म्हणली, "तुम्ही चार महिन्यांत पहिल्यांदा शीळ घालत घरात आला, त्या शुक्रवारी. म्या बाजेवर पडून ऐकली."
मला शीळ घातलेली आठवत न्हाय.
डॉ.ना फोन केला. म्हणले, तुम्ही सायकल सोडायची न्हाय, त्यांनी सकाळचं खाणं सोडायचं न्हाय. बस. लोकांना बोलायला काय जातंय.

२५ नोव्हें., मंगळ.
उठलो तर सायकल दारात काढून ठेवलेली. तिनंच. पुसलेली. टायर दाबून बघितला, टणक. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात, दाभण आतच.
ती उंबऱ्याच्या आत पाटावर बसलेली. पुढं ताटली, ज्वारीची भाकरी, दूध. बाजूला गोळीची वाटी.
"जावा. मी खाते. तुमच्यादेखत खाते."
एक घास तोडला, दुधात बुडवला, तोंडात घातला. चघळायला लागली. चघळायलीच.
"गीळ की."
मानेनं न्हाय म्हणली. बोट सायकलीकडं. मी चाकावरनं उतरंपर्यंत गिळायचं न्हाय, तोच नेम.
"आधी तू गीळ, मग मी पायडल मारतो."
तोंड भरलेलं, तसंच बोलली, "आधी तुम्ही मारा."
माझ्या छातीत धडधडायलंय. स्टेंटचं न्हाय, मला कळतं तेवढं. एक पाय पायडलवर, एक भुईवर, वही दाराच्या चौकटीला टेकवून हे लिहायलोय. समोर गंगाबाई दारात उभी राहून बघायलीय.
घास अजून तिच्या गालात आहे.