रितेशचा फोल्डर

३ नोव्हेंबर, सोमवार

चिपळूण सोडून रत्नागिरीत नोकरीला लागले आणि पहिलंच मोठं काम असं मिळालं की सुट्टीवर आल्यासारखं वाटतंय! पावसच्या पुढे, समुद्राकडे उतरत गेलेल्या बागेत हे घर आहे. भोवती चिऱ्याचा गडगा, पुढे सारवलेलं खळं, मागे माड. माडीवरच्या माझ्या खोलीतून सरळ पाणी दिसतं. आमच्या दुकानाचे मालक निलेशदादा सकाळी गाडीने सोडून गेले.

घरात दमयंतीकाकू आणि भिकाजीकाका दोघंच. काकांची हयात मच्छीमारी बोटीवर गेली. मुलगा रितेश मालवाहू जहाजावर होता. श्रावणात भर समुद्रात डेकवरून पडला तो सापडलाच नाही. कंपनीने त्याची बॅग पाठवली. फोन तिच्यात नव्हता, त्याच्या खिशातच होता म्हणे.

त्याने घरी चार हार्डडिस्कचा स्टोरेजचा डबा बसवला होता. कुठल्याही बंदरात नेट मिळालं की फोनमधले फोटो, व्हिडिओ आपोआप इथे येऊन पडायचे आणि काकू ते टीव्हीवर बघायच्या. दसऱ्यानंतर डबा अचानक बंद पडला. त्यातलं सगळं परत मिळवायचं, एवढंच माझं काम. काकूंची अट एकच, डिस्क घराबाहेर जाता कामा नयेत. म्हणून माझा मुक्काम इथेच.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. काकू वाढतच होत्या, "घे गो, लाजू नको."

४ नोव्हेंबर, मंगळवार

डबा उघडला. मी हे काम शिकले ते पुरात बुडालेल्या चिपळूणच्या दुकानांतले कॉम्प्युटर धुऊन-वाळवून, त्यामुळे पाण्याची खूण मला लगेच कळते. आत पांढरं मीठ साचलंय. नुसत्या खाऱ्या हवेने इतकं होत नाही.

चारांतली एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिच्यातलं सगळं पुन्हा उभं करू शकतात. इथे दोन गेल्यात. म्हणजे दोघींतली एक तरी जिवंत करायलाच हवी. निलेशदादांनी तशाच डिस्कची सर्किटची पट्टी पाठवली, जुनीवरची चिप काढून तिच्यावर बसवली आणि डिस्क फिरली! तिची नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला लावली. मूळ डिस्कवर काही करायचं नसतं.

संध्याकाळी काका दारात येऊन उभे राहिले. कितपत आशा आहे विचारलं. बरीच आहे म्हटलं. मला वाटलं, खूश होतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही झालं तर नाही म्हणून सांग, बाय. तुला कोण बोल लावणार नाही."

म्हाताऱ्या माणसाला जखम पुन्हा उघडायची नसेल. समजू शकते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! सगळ्या नकला नव्या डब्यात बसवल्या. नाव तेच, पासवर्ड तोच, घरच्या वायफायला जोडला आणि रितेशचा फोल्डर उघडला. टीव्हीवर पहिलाच व्हिडिओ लागला तो जहाजाच्या स्वयंपाकघरातला. रितेश भजी तळतोय, तेल उडालं म्हणून हसतोय, "आई, बघ, तुझ्यासारखी नाही झाली." माझेच डोळे भरून आले.

काकूंचे नाही. रिमोट घेऊन त्या पुढे पुढे जात राहिल्या. मग विचारलं, "शेवटचे कुठे आहेत गो?"

अजून लावून व्हायचेत, असं सांगितलं. काका तेवढा वेळ पडवीत बसून होते. घरात आलेच नाहीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फाइली तारखेने लावल्या. तो पडला त्या तारखेनंतरच्याही आहेत.

घड्याळ चुकलं असेल म्हणून उघडून पाहिल्या. पहिल्यात अंधार, नुसता पाण्याचा घुमणारा आवाज. पुढच्यात हिरवट उजेड, खूप वर. मग होड्यांचे तळ, खालून पाहिल्यासारखे. मग मिरकरवाड्याची जेटी. मग भाट्याचा पूल, चालत. फोन लोंबत्या हातात असावा तसा रस्ता हलतो. बोलणं कशातच नाही, फक्त पाणी टपकतंय. शेवटच्या फाइलवर डबा बंद पडला त्या दिवसाची तारीख आहे. पावसची चढण.

कुणाला तरी फोन सापडला असेल. पण इतक्या खोल पाण्यात गेलेली वस्तू चालेल कशी?

काकूंना सांगितलं. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी हे सगळे व्हिडिओ आधीच पाहिलेले होते.

"चढणीपर्यंत पोचलेला," त्या म्हणाल्या. "घर जवळ आलं आणि डबा बंद पडला. वाट चुकला असेल पोर."

काका मला बागेत घेऊन गेले. समुद्राचं पाणी बादलीने आणून त्यांनीच डब्यात ओतलं होतं. डबा चालू असला की ते पुढे सरकतं म्हणाले. पुलाच्या व्हिडिओत, जवळच्या दुकानाच्या काचेत, त्यांना फोन धरणारा दिसला होता. कसा, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "माझा रितेश असता तर खांद्यावर घेऊन आणला असता गो," एवढंच म्हणाले. "बंद कर ते."

बंद करायला गेले. लॅपटॉपच्या स्क्रीनवर नवी फाइल येत होती. तारीख आजची. घराखालचं काजूचं वळण—

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

डबा जागेवर नाही. काल त्यांनी बंद करू दिला नाहीच, रात्रीत काकूंनी तो कोठीच्या खोलीत नेऊन कुलूप घातलंय. राउटरही आतच. फटीतून हिरवे दिवे दिसतात. मी विनवण्या केल्या. त्या तांदूळ निवडत राहिल्या. "तुझी आई काय वेगळं करील?" म्हणाल्या.

काकांनी मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर चालू झाला.

मग कोयता घेऊन काका वळणाकडे गेले. मी अडवलं. "बापाने नाही तर कोणी जायचं?"

दुपार

काका आले नाहीत.

लॅपटॉपवर डबा दिसतो, पण इथून बंद होत नाही. नवी फाइल. काका रस्त्यात उभे, ऊन लख्ख. नाव घेऊन हाक मारतायत. मग हाक मध्येच थांबते. कोयता पडतो. काका खाली बसतात, दोन्ही हात तोंडावर. फोन त्यांच्या बाजूने पुढे जातो. मागे वळून बघत नाही—

निलेशदादांना फोन लावला. ते निघालेत. मग त्यांचाच फोन आला, चढणीवर पाणी भरलंय म्हणाले, गाडी पुढे नेता येत नाही. नोव्हेंबरात? चढणीवर?

खाली जायला तेवढा एकच रस्ता आहे.

नंतर

माडीच्या दाराला कडी लावलीय. टेबलाशी बसून लिहितेय, लॅपटॉप समोर उघडा.

खळ्यात काहीतरी ओलं, जड— काकू धावल्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या.

फाइल. पडवीत काकू. नवी साडी. हात पुढे केलेत. "आलास रे बाबा." त्या सरळ त्याच्या तोंडाकडे बघतायत. त्यांना दिसतंय. तरी हसतायत—

जिना. एक पायरी, मग टपटप. पुन्हा एक.

दाराखालून पाणी येतंय.

काकू बाहेरून म्हणतायत, "उघड गो अक्षया. भिऊ नको. तुझे उपकार मानायला आलाय तो."

मग हळू, दुसऱ्या कुणाला तरी. "हीच ती. हिनंच तुला आणलंन."

मी कडी काढलेली नाही. मी इथे टेबलाशी आहे. कडी आपोआप—