वडूजच्या स्टँडवरची कॉफी

आई,

सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं आणि कॉफीच्या बियांचा भाव दर खेपेला चढत होता, त्या वर्षीची तुझी कॉफी आठवते आहे. मी सांगलीला एका दैनिकात कामाला होतो. सुट्टीला वडूजला येताना पेठेतून तुझ्यासाठी कच्च्या बिया आणायचो. दुकानदार तोलता तोलता म्हणायचा, "आत्ताच घ्या साहेब, पुढच्या खेपेला एवढ्यात मिळायच्या न्हाईत." आणि तो खोटं बोलत नसे.

आबा फौजेत असताना तू त्यांच्याबरोबर दक्षिणेत छावणीत राहिलीस. जोंधळ्याच्या भाकरी थापणारी तू, तिथल्या शेजारणीकडून बिया भाजायला आणि पितळी फिल्टरमधून कॉफी थेंब थेंब उतरवायला शिकलीस. आबा गेल्यावर एस.टी. स्टँडवरच्या काकांच्या हॉटेलात तू एक चूल मागून घेतलीस. चहा काकांचा, कॉफी तुझी. सगळ्या तालुक्याचा जीव चहावर. पण पेन्शनीत आलेले फौजी आणि मुक्कामी गाड्यांचे ड्रायव्हर तुझ्या चुलीशी थांबायचे. बिया महागल्या तसे काका कुरकुरू लागले. मी पिशवी खाली ठेवतोय आणि ते तुला सांगताहेत, "वैनी, बास करा ही थेरं. त्या चुलीवर भजी लावतो, लय खपतील. न्हाईतर फुटाणं करपवून, दळून मिसळा. रंग तोच येतोय."

"रंग प्यायला येत्यात व्हय माणसं?"

"मग बेंदराच्या सणापतुर बघतो. गिऱ्हाईक टिकलं तर ठेवा. न्हाईतर चूल माझी."

तू फुटाणे घातले नाहीस, कपाचा दर वाढवलास. गिऱ्हाईक खरंच तुटलं. एका शनिवारी मी आलो तेव्हा तू बाजारात गेली होतीस, आणि तेवढ्यात काकांनी परस्पर कॉफीच्या पुडीत दळलेले फुटाणे मिसळले. तू परतलीस, कॉफी केलीस. नेहमीच्या सुभेदारांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. "वैनी, ही कॉफी हाय का पातळ पिठलं?" हॉटेलभर हशा. तू चव घेतलीस, काकांकडे पाहिलंस, आणि भांडं उचलून सगळी कॉफी रस्त्याकडेच्या गटारीत ओतलीस. बिया सोन्याच्या भावाच्या असताना! "आज कॉफी न्हाई," तू म्हणालीस. "उद्या या."

आधी तू आठवड्याच्या बिया घरी एकदम भाजायचीस, आणि तळाची पूड दरवेळी शिळी होऊन जायची. आता एक बीसुद्धा वाया घालवायची सोय नव्हती. म्हणून रविवारी सकाळी तू कढईच स्टँडवर नेलीस. गाडीपुरत्या मूठभर बिया तिथंच भाजायच्या, तिथंच दळायच्या. काटकसर, दुसरं काही नाही. म्हसवडची गाडी येऊन लागली आणि त्याच वेळी कढईत बिया तडतडल्या. तो वास खिडक्यांतून आत गेला. कंडक्टर डोकं बाहेर काढून ओरडतो, "आवं मावशी, काय शिजवताय? माझं पॅसेंजर खाली उतराय लागलं की!"

"कॉफी हाय. महाग हाय."

"असू द्या वो. दोन करा."

मग तीन, मग पाच. आटपाडीकडचे एक म्हातारबाबा, जन्मात कॉफी न प्यायलेले, ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आमी काय आजवर गुळाचं पाणीच पीत हुतो काय रं?" ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कुणी हललं नाही. शेवटी तोही उतरला. मी प्यायलो. पहिला घोट कडू, मग कडूपणा हळूहळू विरघळला आणि जिभेवर काहीतरी गोड, दाट राहिलं. तुझ्या हातची इतकी वर्षं प्यायलो होतो, पण अशी नाही. महागाईनं तुला थोडं थोडं भाजायला लावलं आणि त्यानंच कॉफी सुधारली.

बेंदूर आला. रंगवलेल्या शिंगांचे बैल स्टँडवरून गेले आणि काकांनी चुलीचं नावसुद्धा काढलं नाही. दुपारी हात मागं बांधून तुझ्यापुढं उभे राहिले. "वैनी, एक कप द्या. बिनफुटाण्याचा."

"आधी पैसं, भावजी."

सगळं स्टँड हसलं. काकाही हसले, आणि खरंच पैसे काढले. तू ते पदराला बांधलेस तेव्हा तुझी मान किती ताठ होती!

आता मी निवृत्त होऊन सांगलीतच आहे. बियांचा भाव परत चढला आहे. गेल्या आठवड्यात दुकानातल्या मुलानं चिकोरीच्या मुळांची भुकटी घातलेली पूड पुढं केली, निम्म्या किमतीला. मी नको म्हणालो. कच्च्या बिया घेतल्या, नेहमीपेक्षा कमी, आणि रोज सकाळी मूठभर भाजतो. शेजारी वास घेत दारात येतात. तू गेलीस तिकडं हे पत्र टाकायला पेटी नाही. टेबलाच्या खणात जाईल. एवढंच कबूल करतो की तुझ्या सुनबाईनं बियांचा भाव विचारला, तेव्हा मी तिला मागच्या वर्षीचा सांगितला.