यामिनी माझं ऐकत नाही

ती. आईस पाया पडून सांगते,

यामिनी माझं ऐकत नाही. दोन वर्षं या नव्या कोचला शिकवतेय, आणि आज भर मैदानात तिने मलाच अडवलं. एक पोर पळताना लंगडत होती, तरी मी ओरडले, "फेरी पुरी कर." यामिनी आडवी आली. म्हणाली, "दीदी, घड्याळ नाही, पाय बघायचे, हे तुम्हीच शिकवलंत."

डॉक्टर म्हणाले, आणखी पळाली असती तर हाड मोडलं असतं. तासभर मी यामिनीवर चिडून होते, पण जीव भांड्यात पडला.

मैदान कोणावर टाकून तुझ्याकडे येऊ, म्हणून तुझं गुडघ्याचं ऑपरेशन माझ्यामुळे दोनदा लांबलं. आता इथल्या, बेहाल्याच्या मैदानावरच्या पोरी यामिनी बघेल. तू जिने चढत नाहीस ना? नुसतं "बरी आहे" लिहू नकोस. ऑपरेशन कधी, ते पंधरा तारखेच्या आत कळव, म्हणजे मी निघून येते.

तुझी निर्मला