दाजींचं हेल्मेट लाल

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. साइटवर पूजा. दरवर्षी फावडी, घमेली, मिक्सर असतं, यंदा नवी स्मार्ट हेल्मेटं पण मांडली. दाजी सगळ्यांत वडील, सेंट्रिंगचे जुने मिस्त्री, म्हणून पूजा त्यांच्याच हातून. मी सेफ्टी ऑफिसर, नारळ धरून उभा. दाजींनी हेल्मेटं उलटी केली. आत कपाळाला टेकून नाडी मोजतो तो बारका दिवा दिसला, तिथंच हळद-कुंकू. म्हणे, ह्याचा जीव हितं हाय तर कुंकू बी हितंच. मी हात जोडले. पेढे बरे होते.

३ ऑक्टो., शुक्र.
सकाळी मोबाइलवर हेल्मेटांचं ॲप उघडलं तर अख्खी साइट लाल. लाल म्हणजे नाडी ठीक नाही, त्या माणसाला उंचावर चढू द्यायचं नाही. हेल्मेटवाल्या कंपनीतून बाईंचा फोन, सर, तुमच्याकडं सगळेच आजारी आहेत का? कुंकू लावलंय म्हणून सांगितलं. म्हणाल्या, आधी पुसून बघा. मग कापूस न् स्पिरिट घेऊन बसलो. दुपारपर्यंत एकेक हिरवं झालं. दाजींचं तेवढं लालच. त्यांच्याच हेल्मेटात हळदीचं पाणी जास्त सांडलं होतं, तेच असणार. जाऊ दिलं वर.

६ ऑक्टो., सोम.
परत लाल. परत पुसलं. तासभर हिरवं, सातव्या स्लॅबवर गेले की लाल. निरोप धाडला, खाली या. आले नाहीत. दुसरा कोणी असता तर शिट्टी मारून उतरवला असता. पण हा आमच्या अक्काचा नवरा. वैजापूरला घरी आले की पाय धुवायला पाणी मी द्यायचो, पहिला पाट त्यांचा. ह्या शहरात पहिलं काम पण त्यांनीच लावून दिलं. त्यांना शिट्टी कशी मारायची?

७ ऑक्टो., मंगळ.
हेल्मेट बदलून बघितलं. त्यांचं मी घातलं, हिरवं. हुश्श झालं. मग जिना चढलो तर एकदा लाल. माझं त्यांनी घातलं, सकाळभर हिरवं, दुपारी उन्हात लाल. म्हणजे हेल्मेट खराब? का दाजी? का मी पण? डोकं पार बधिर झालंय.

९ ऑक्टो., गुरु.
कंपनीच्या बाई म्हणतात, लाल म्हणजे आजार असं नाही सर, शक्यता असते. मग हिरवं म्हणजे? तीही शक्यताच. मग मी करू काय? म्हणे, तुमच्या अनुभवानं ठरवा. अनुभवानंच ठरवायचं होतं तर ही टोपडी कशाला आणली?
अक्काला सहज म्हणून फोन केला. दाजींना दम लागतो का? म्हणाली, जिना चढून आले की उंबऱ्यात टेकतात थोडं, पण ते तर लई दिवसांपासून. वर मलाच विचारते, का रे, काय झालं? काही नाही म्हणालो.

११ ऑक्टो., शनि.
आज अडवलं. सकाळी लाल, तरी दाजी शिडीकडं निघाले. मी आडवा उभा राहिलो. सगळे बघत होते. आवाज चढवायचा नव्हता, चढला. दाजींनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं न् एवढंच म्हणाले, "घरी मेव्हणा, हितं सायब. एक कायतरी ठरीव." चहा न घेताच गेले.
बजाजनगरला घरी येईस्तोवर गाडीवर तेच डोक्यात. बरोबर केलं. का नाही? लई वाईट वाटतंय.

१४ ऑक्टो., मंगळ.
अक्का त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. ईसीजी चांगला. मला उगाचच राग आला, कोणाचा ते कळेना. डॉक्टरांचं म्हणणं, तेवढ्यावरून नक्की सांगता येत नाही, दिवसभर छातीला पट्टी लावून बघू. दाजी नाय म्हणाले. पहिल्या यंत्रानं घरी बसवलं, दुसरं कशाला?

१७ ऑक्टो., शुक्र.
ठेकेदारानं दाजींच्या जागी दुसरे मिस्त्री आणले. कंपनीनं काही हेल्मेटं परत नेली, दाजींचं पण. फोन करून विचारलं, तेच खराब होतं का? म्हणे, काही खराब निघाली, कुठली ते सांगता येणार नाही. बाकी साइट हिरवीगार. कोणी लाल झालं की मी आता लगेच उतरवतो. लोक ऐकतात. सख्ख्या दाजीला सोडलं नाही म्हणतात, आपल्याला काय सोडंल. शाबासकी समजू का टोमणा?

२३ ऑक्टो., गुरु.
भाऊबीज. चिकलठाण्याला अक्काकडं. जावं का नाही, दुपारपर्यंत ठरत नव्हतं. दाजी पलंगावर बसलेले, टीव्ही बंद. मी पाया पडलो. बस म्हणाले नाहीत, मीच बसलो.
मग म्हणाले, "खरं सांग. वर गेलो असतो तर पडलो असतो का?"
"मला नाय माहीत, दाजी."
"मग उतरवलं कशाला?"
मला भ्या वाटलं म्हणालो. खरंच तेवढंच होतं. दाजींनी बाही वर करून मनगट पुढं केलं. "यंत्राचं राहू दे. तू बघ."
अक्का आतून ताट घेऊन आली न् दारातच थांबली. मी अंगठा टेकवला. ठोके लागत होते, सगळे सारखे. मग मधेच एक आलाच नाही. का आला? अंगठ्यात आपलीच नाडी लागते म्हणतात. बोट बदलून परत धरलं.
"काय म्हणती?" दाजींनी विचारलं.
अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. थांबा म्हणालो, अजून थोडं थांबा.