मधल्या कपाटाची दारं

अप्पा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज मला तुमचा इतका राग आलाय की कागद घेऊन बसलोय. नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानात तुम्ही भिंतभर सागवानी कपाटं केली होती. धाकट्या मालकांनी तिथं आता विजेचे दिवे घेतलेत. मला म्हणाले, "फिकं लाकूड जुनाट दिसतंय. काळपट करून द्या, म्हंजे कापड उठून दिसंल." तुमच्या हातचं काम म्हणून मी हौसेनं होकार दिला.

दोन दिवस सोड्याच्या पाण्यानं जुनं पॉलिश सोडवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मधल्या कपाटाची दारं काचेच्या तुकड्यानं खरवडतोय, तर पॉलिशबरोबर लाकडाच्या रेषाही निघून येतात! खाली आंब्याचं लाकूड. सागाच्या रेषा तुम्ही कुंचल्यानं काढल्या होत्या. गडद रंग सागावर सारखा बसला. आंब्यानं कुठं तो पिऊन टाकला, कुठं धरलाच नाही. पुसला, घासला, पुन्हा लावला. तीनदा. चट्टे आणखीच काळे झाले. रडकुंडीला आलो, आणि नेमके मालक पाठीशी येऊन उभे राहिले.

"हे साग न्हाय की! तुमचे वडील लई सचोटीचे, असं आमचे बाबा सांगायचे."

तुम्हाला आठवतं? माझं लग्न नुकतंच झालेलं तेव्हा. एका चौरंगाची भेग मी लाखेनं बुजवली, तर तुम्ही तो गिऱ्हाइकासमोर, माझ्या बायकोसमोर मोडून टाकलात. "भेग हाय तर दिसू दे. झाकतोस कशाला?" मग हे काय होतं, अप्पा? साग मिळाला नाही? घाई होती? थोरल्या मालकांना ठाऊक होतं? विचारू कुणाला? तेही गेले, तुम्हीही.

"ती दारं मी बसवली," मी मालकांना म्हणालो. "अप्पा आजारी होते तेव्हा."

"मग राहू द्या. बाकीचं दुसऱ्याकडून करून घेतो."

भर दुकानात हत्यारं गोळा करून निघालो. घरी आईनं विचारलं, "झालं का रं काम? त्यांच्या हातचं हाय, जपून कर." मी नुसतं "व्हय" म्हटलं. तिला काही कळायला नको, म्हणून हा कागद चुलीत जाईल.

पण खरं सांगतो, राग नंतर आला. आधी, रेषांखाली आंबा दिसला तेव्हा, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं.